अर्धे वचन

दिवाळीच्या चार दिवसांत घराघरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. फराळाची ताटे पुढे आलेली असतात, यंदाची चकली गेल्या वर्षीपेक्षा बरी झाली यावर सर्वांचे एकमत झालेले असते, आणि मग कोणी काका किंवा मामा कोपऱ्यात बसलेल्या, तिशीकडे झुकलेल्या भाच्याकडे वळून सहज विचारतात, "मग, सध्या काय करतोस?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पाहुण्याने पाहुण्याची चौकशी करावी, इतकाच त्याचा हेतू. पण तो मुलगा 'चालू आहे अभ्यास' असे काहीतरी पुटपुटतो आणि लहान मुलांचे फुलबाजे बघण्याच्या निमित्ताने अंगणात निघून जातो. त्याची आई लाडवांचा डबा उगीच पुढे सरकवते. मुलगा पदवीधर असतो. कधी कधी दोनदा पदवीधर असतो.

मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. 'सध्या काय करतोस?' याचे उत्तर देण्याची जबाबदारी खरोखर कोणाची? त्या मुलाची, की ज्यांनी त्याला सोळा-सतरा वर्षे बाकावर बसवले त्यांची? बेकारी हा अर्थशास्त्राचा विषय आहे, असे आपण मानतो आणि अर्थशास्त्र्यांवर सोपवून मोकळे होतो. मला तो आधी नीतीचा विषय वाटतो. कोणीतरी कोणालातरी शब्द दिला होता. तो पाळला गेला की नाही, एवढेच पाहायचे आहे.

या बाबतीत बोलण्याचा माझा अधिकार तसा बेताचाच. मी मॅट्रिक. म्हणजे आजच्या भाषेत दहावी. पण आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत 'पोरगा मॅट्रिक झाला' असेच सांगितले, आणि मलाही तो शब्द जास्त भरदार वाटतो. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि तिच्या बळावर कोल्हापुरातल्या एका शाळेत गेली कित्येक वर्षे मुलांना रेघा मारायला शिकवतो. रात्री कादंबऱ्या लिहितो. कादंबरीतल्या नायकाला कितव्या प्रकरणात नोकरी लागावी हे लेखकाच्या हातात असते. वर्गातल्या मुलांच्या बाबतीत तशी काही सोय नाही.

कोल्हापुरात राहून शिक्षणाविषयी लिहायचे तर सुरुवात शाहू महाराजांपासून करावी लागते. त्यात नवे काही नाही. आमच्याकडे जयंतीच्या भाषणात ती सगळेच करतात. परंतु १९१७ च्या त्या सक्तीच्या कायद्यात एक गोष्ट अशी आहे, की ती भाषणांतून निसटून जाते. करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत झाले, हे सगळे सांगतात. ते सक्तीचेही झाले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरला, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो. त्या काळचा एक रुपया म्हणजे शेतमजुराच्या कित्येक दिवसांची कमाई. कागल-कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी असेच सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९११ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात मांडले होते, आणि ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले होते. साम्राज्याला जे झेपले नाही ते एका लहान संस्थानाने अंगावर घेतले. १९१८ च्या मार्चमध्ये चिखलीला पहिली सक्तीची शाळा उघडली.

आता त्या चिखलीच्या एखाद्या धनगराच्या किंवा कुणब्याच्या बाजूने विचार करा. आठ वर्षांचे पोर त्याच्या घरात खाणारे तोंड नव्हते, राबणारे हात होते. ते गुरे राखायचे, शेण गोळा करायचे, धाकट्या भावंडाला काखेला मारून फिरायचे. राजाने ते हात घरातून उचलले आणि पाटीवर ठेवले. 'दिले नाहीस तर दंड करीन' म्हणाला. असे बळ वापरण्याचा अधिकार राजाला केव्हा पोचतो? माझ्या मते एकाच अटीवर : जो हात मी आज तुझ्याकडून घेतो, तो उद्या अधिक कामाचा करून तुला परत देईन. ही अट कायद्यात लिहिलेली नव्हती. पण ज्या सक्तीच्या मागे असे वचन नाही, तिला वेठ म्हणतात, आणि वेठीचा अनुभव त्या माणसाला भरपूर होता.

महाराजांचे मोठेपण मला असे वाटते, की त्यांना ते न लिहिलेले कलम पाठ होते. शाळा उघडणारा हात आणि काम निर्माण करणारा हात त्यांनी वेगळे ठेवले नाहीत. शाहूपुरीची पेठ १८९५ ची. सूतगिरणी, जिला आपण शाहू मिल म्हणतो, ती १९०६ ची. राधानगरीचे धरण त्यांनी हाती घेतले; ते पुरे झाले त्यांच्या पश्चात. २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आणि त्या जागांवर बसायला शिकलेली माणसे हवीत, म्हणून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमायचे ठरवले, तेव्हा तलाठ्याचे काम शिकवण्याचीही व्यवस्था केली, आणि अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या समाजातली मुले तलाठी झाली. म्हणजे एका दाराने मूल आत आले, तर ते बाहेर पडण्याचे दुसरे दार कुठे आहे, याची चौकशी आधीच केलेली.

गंगाराम कांबळे यांची हकीगत कोल्हापुरात लहान मुलांनाही माहीत आहे. सरकारी पागेत नोकरीला असलेल्या या माणसाने हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला मार खावा लागला. महाराजांनी त्याला स्वतंत्र धंदा काढायला सांगितले, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर त्याचे चहाचे 'सत्यसुधारक हॉटेल' निघाले. गोष्ट सांगणारे पुढे महाराजांच्या औदार्यावर येतात. मी मात्र त्यातल्या एका साध्या अडचणीपाशी थांबतो. दुकान निघाले, तरी महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? भांडवल होते, जागा होती, कष्टाची तयारी होती, गिऱ्हाईक नव्हते. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. आजच्या प्रत्येक स्वयंरोजगार योजनेच्या पहिल्या पानावर ही हकीगत छापावी, असे मला वाटते. 'नोकऱ्या मागू नका, धंदे करा' असे तरुणांना सांगणाऱ्या थोर मंडळींनी त्या तरुणांच्या दुकानातून किती वेळा काय विकत घेतले, हे एकदा मोजून पाहावे.

महाराज १९२२ साली गेले. पुढच्या शंभर वर्षांत वचनाच्या एका अर्ध्याची वाढ अफाट झाली. शाळा गावोगाव झाल्या, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आले, १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, आणि २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला. हे सर्व चांगलेच झाले; माझ्यासारख्याच्या घरात पुस्तके आली ती त्यामुळेच. दुसऱ्या अर्ध्याकडे मात्र आपण ज्या त्या मुलाच्या नशिबाचा भाग म्हणून बघू लागलो. शाहू मिल बंद पडून बरीच वर्षे झाली. आता तिथे स्मारक व्हावे, अशी मागणी आहे.

शाळेत हाताचे काम शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे काही नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान हवे, असे म्हटले आहे. आणि शिक्षक शेतकऱ्यांतलेच, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वासला धरायला न लाजणारे असावेत, असेही सुचवले आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. तिच्या नावाने आपल्याकडच्या शाळांना 'जीवन शिक्षण मंदिर' अशी नावे मिळाली आणि वर्गात टकळ्या आल्या. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आमच्या आजरा तालुक्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीमागचे गृहस्थ. त्या आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला, आणि तो शब्द आमच्या वेळापत्रकात येऊन बसला.

तो तिथे बसलेलाच राहिला, असे म्हणावे लागते. कार्यानुभवाचा तास म्हणजे काय, हे वाचकांपैकी ज्यांच्या घरात शाळकरी मुले आहेत त्यांना ठाऊक आहे. पुठ्ठा, डिंक, चमकीचा कागद. आदल्या रात्री आई ते आकाशकंदील किंवा भेटकार्ड करते, सकाळी मूल ते शाळेत आणते आणि त्यावर आम्ही 'छान' असा शेरा मारतो. कित्येक शाळांत तो तास गणिताला दिला जातो, आणि त्याबद्दल पालक शाळेचे आभारही मानतात.

असे का झाले, याचे उत्तर साधने नव्हती, पैसा नव्हता, असे दिले जाते. तेही खरे आहे. पण खरे कारण याहून अवघड आहे, असे मला वाटते. टकळी फिरवायची ती सरकारी शाळेतल्या शेतकऱ्याच्या पोराने. ज्यांनी टकळीचा ठराव केला त्यांची स्वतःची मुले तिच्यापासून दूर, इंग्रजी शिकत होती. गरिबाला हे बरोबर कळते. त्याला हाताच्या कामाचा कंटाळा नसतो. 'हे तुझ्यासाठी, आणि ते आमच्या मुलांसाठी' असे मुकाट्याने सांगितले जाते, त्याची त्याला चीड असते. म्हणून त्याने आपल्या पोराच्या हातातली टकळी काढून घेतली आणि 'मला बी. ए.च कर' म्हणाला. मी त्याला दोष देत नाही.

याला एक अपवाद झाला तो भाऊराव पाटलांचा. कर्मवीर जन्मले आमच्या कुंभोजला, शिकले कोल्हापुरात, आणि मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. (माझ्यासारख्यांना याचा केवढा आधार वाटतो, हे इथे लिहायला हरकत नाही.) किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले, १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र चालवले. त्यांच्या वसतिगृहात मुलगा खडी फोडायचा, शेतात राबायचा, स्वयंपाक करायचा आणि कॉलेजात जायचा. इथे हाताचे काम पुस्तकाऐवजी दिलेले नव्हते, पुस्तकापर्यंत पोचायची ती वाट होती. आणि मुख्य म्हणजे सर्व जातींची मुले एका रांगेत ते काम करीत होती. उद्योग-शिक्षणाच्या इतर योजनांत आणि या योजनेत जो फरक पडला, तो या रांगेने पडला.

आता माझ्या डोळ्यांसमोर जे चालले आहे ते सांगतो. पहाटे रंकाळ्याच्या काठाने फिरायला गेलो की पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे भेटतात. त्यांतली निम्मी मला 'नमस्कार सर' म्हणत पुढे निघून जातात. ती गावाकडून आलेली असतात, चार-चार जणांत एक खोली घेऊन राहतात. दिवसा अभ्यासिकेत बसतात, जाहिरात निघण्याची वाट बघतात. जाहिरात निघते, लांबते, कोर्टात जाते, परत निघते. तोवर वयाची अट जवळ येते.

आणि त्याच शहराच्या दुसऱ्या बाजूला, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात, फौंड्रीवाले तक्रार करतात की माणूस मिळत नाही. भट्टीपुढे बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची पोरे उभी आहेत. कोल्हापूरच्या ओतकामाला देशभर नाव आहे. हे नाव ज्यांनी मिळवले ती माणसे बहुतेक अल्पशिक्षित होती. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे उद्यमनगरात अजून आदराने घेतात. बाबूराव पेंटर सुताराच्या घरचे. शाळा जेमतेम शिकलेले. त्यांनी १९१८ साली स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा जुळवला. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावातल्या पोरांना आज लेथला हात लावायची लाज का वाटावी?

'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत', हे त्याचे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत खोटे आहे. ज्याला कष्ट नकोत तो पहाटे चारला उठून रंकाळ्याला फेऱ्या मारत नाही.

माझे दोन विद्यार्थी आहेत. एकाच वर्गातले, एकाच गल्लीतले. एक नववीत नापास झाला आणि उद्यमनगरात चुलत्याबरोबर लेथवर उभा राहिला. दुसरा विज्ञानाचा पदवीधर झाला आणि गेली सहा वर्षे राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसतो आहे. पहिला कमावतो. त्याच्या हातात कसब असे आहे, की बिघडलेला भाग नुसता चाचपून तो किती झिजला आहे ते सांगतो. मी दुसऱ्याला एकदा विचारले, "अरे, याच्याबरोबर काम शिकायला का जात नाहीस? अभ्यास संध्याकाळी कर."

तो हसला. म्हणाला, "सर, त्याचं लग्न ठरंना झालंय. तीन ठिकाणी मोडलं. पोरीकडचे विचारतात, पोरगा काय करतो? लेथवर हाय म्हटलं की चहा पिऊन उठतात. माझ्याकडं निदान बघत तरी हाईत. म्हणतात, परीक्षा देतोय, लागंल कधीतरी."

त्याच्या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. कमावणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही आणि वाट बघणाऱ्याला 'निदान बघतात'. म्हणजे पोराने बेकार राहणे हा आळस राहत नाही; तो त्याच्या परीने केलेला हिशेब असतो, आणि आपण घरोघरी ज्या रीतीने बघतो त्याला धरून तो चुकीचाही नसतो. भट्टीपुढच्या कामात उष्णता आहे, धोका आहे, कंत्राट आहे. आज घेतलेला माणूस उद्या काढता येतो. वर मान नाही. मान आणि शाश्वती या दोन्ही गोष्टी आपण सरकारी नोकरीत गोळा करून ठेवल्या आणि पोरांना म्हणतो, तिकडे गर्दी करू नका!

इथे काही विचारी माणसे एक आक्षेप घेतात. शिक्षण आणि नोकरी यांची सांगड घालणेच मुळात क्षुद्रपणाचे आहे, ज्ञान हे ज्ञानासाठी असावे, माणूस घडवणे हे शिक्षणाचे काम आहे, असे ते म्हणतात. मला हे मान्य आहे. मी चित्रकला शिकवतो. माझ्या विषयाने कोणाचे पोट भरेल अशी आशा मी क्वचितच धरतो. डोंगराची रेघ नुसती बघताना एखाद्या पोराचे डोळे बदलतात, तेवढ्यासाठी तो तास असतो. शिकलेली आई औषधाच्या बाटलीवरचे वाचते, सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही ते बघते, कोणी अंगठा मागितला तर का म्हणून विचारते. तिला नोकरी लागली नाही म्हणून तिचे शिक्षण फुकट गेले, असे कोण म्हणेल?

पण 'ज्ञानासाठी ज्ञान' असे म्हणणारे मला आजवर जेवढे भेटले, त्या सर्वांचा पगार दरमहा पहिल्या आठवड्यात जमा होत होता. उपाशी राहून हे वाक्य म्हणणारा संत असेल, तर मी त्याच्या पाया पडेन. ज्याने मुलाच्या शिक्षणासाठी अर्धा एकर विकला, त्याला हे वाक्य ऐकवणे मला सभ्यपणाचे वाटत नाही. आपण त्याच्याशी बोलताना नोकरीचे आमिष दाखवले होते, तेव्हा ज्ञानाचे नाव काढले नव्हते.

हे वचन फेडण्याची जबाबदारी सरकारची, असे म्हणून सुटका होते का? सांगलीकडच्या एका माणसाने याचे उत्तर फार वेगळे दिले. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात त्यांनी एक प्रयोग करवला : जो काम मागेल त्याला काम द्यायचे. १९७२ च्या दुष्काळात त्याची राज्याची योजना झाली, १९७७ साली कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याचे मूळ इथले. पण मला त्यातला पैशाचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. या कामासाठी पैसा आणायचा कोठून? तर १९७५ साली व्यवसाय कर बसवला. ज्याला नोकरी आहे, धंदा आहे, त्याने थोडे द्यायचे, आणि ज्याला काम नाही त्याला त्यातून काम द्यायचे.

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये या कराचे कापले जातात, फेब्रुवारीत ३००. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दर महिन्याला कोणीतरी त्या रकान्यावर बोट ठेवून कुरकुरतो. तो रकाना कशासाठी सुरू झाला, हे सांगितले तर बऱ्याच जणांना ते नवीन असते. मला तो रकाना आवडतो, असे म्हटले तर लोक हसतात. पण नोकरदाराने बेकाराचे काहीतरी देणे लागते, हे तत्त्व इथे कायद्याने मान्य केलेले आहे. ते आमच्या शेजारच्या जिल्ह्यात जन्मले, आणि आपण त्याला कपात म्हणतो.

ही हमी माती उपसणाऱ्याला मिळाली. शिकलेल्याला मिळाली नाही. शिकलेल्याला योग्य असे काम नाही म्हणून हे झाले असते, तर गोष्ट वेगळी. काम आहे. शाळांतून शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि डी. एड., बी. एड. झालेली पोरे घरी बसली आहेत. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिकच्या नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन ठरले. ते २०२३ मध्ये १६,००० झाले. त्याच २०२३ च्या जुलैमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर बोलवायचे ठरले. निवृत्त गुरुजींबद्दल मला आदर आहे. त्यांतले काही माझेच गुरुजी आहेत. पण ज्या घरात आजोबांना कामावर बोलावले आणि नातवाला वाट बघायला सांगितले, त्या घरातल्या संध्याकाळचा विचार ठराव करणाऱ्यांनी केला होता का?

२०२४ साली राज्याने युवकांसाठी कार्य-प्रशिक्षणाची योजना काढली. सहा महिने काम शिका. बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आय. टी. आय. किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. काही नसण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. पण आकड्यांचा क्रम पाहा. एकाच टेबलाशी, एकच काम शिकणाऱ्या तिघांना तीन भाव. आणि ज्याने हातात हत्यार धरून दोन वर्षे घालवली तो मधला. शाळेत आम्ही सांगतो श्रमाला प्रतिष्ठा आहे. बाहेर सरकारी कागदावर तिचा दर लिहिलेला असतो.

माझी मागणी लहान आहे आणि तिच्यासाठी नवा कायदाही नको. शिक्षण-हक्काच्या कायद्यातच असे लिहिले आहे, की शंभराहून अधिक मुले असलेल्या वरच्या प्राथमिक शाळेत कला, क्रीडा आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक असावेत. म्हणजे खुर्ची मांडलेली आहे. कार्यशिक्षणाच्या त्या खुर्चीवर उद्यमनगरचा मेस्त्री, हुपरीचा चांदी-कारागीर, चपला शिवणारा कसबी माणूस बसवा. पदवी विचारू नका, हात बघा. त्यांना मानधन इतके द्या की त्यांना 'सर' म्हणताना कोणाला अवघड वाटू नये. आणि हा तास सरकारी शाळेत असेल तर शहरातल्या सर्वांत महागड्या इंग्रजी शाळेतही असला पाहिजे. डॉक्टरच्या मुलाने आणि मोल्डरच्या मुलाने एकाच वयात कानस धरलेली असली पाहिजे. कर्मवीरांच्या रांगेतला अर्थ तो होता. असे झाले तर लगेच बेकारी हटेल, असे मी म्हणत नाही. पण वीस वर्षांनी मुलगी बघायला, किंवा दाखवायला, बसलेल्या माणसांनी लेथ काय असते ते हाताने पाहिलेले असेल.

आमच्या शाळेत याची एक लहानशी सुरुवात झाली आहे. निवृत्त झालेले एक पॅटर्नमेकर शनिवारी सकाळी येतात. लाकडाचा साचा कसा करायचा, धातू थंड होताना आकसतो म्हणून तो किती मोठा ठेवायचा, हे सातवीच्या मुलामुलींना दाखवतात. अपूर्णांक आमच्या गणिताच्या बाईंनी वर्षभर शिकवले होते. ते कशासाठी असतात हे पोरांना त्या सकाळी कळले, असे बाईच म्हणाल्या. एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारले, "आजोबा, मला हे काम करता येईल?" ते म्हणाले, "हात दाखव." तिने दाखवले. ते बघून म्हणाले, "का न्हाई?"

त्यांच्या मानधनाचा अर्ज कार्यालयात आहे. कारकुनाने तो मला दोनदा परत दिला. 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'चौथी' लिहिले आहे. तिथे आणखी काहीतरी जोडल्याशिवाय तो पुढे जात नाही. अनुभव किती वर्षांचा, यासाठी त्या अर्जात रकानाच नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूवर '४१ वर्षे' असे लिहून, खाली त्यांची सही घेऊन, तो तिसऱ्यांदा दिला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू म्हणाले आहेत.